वीव्ह आणि निट

वीव्ह आणि निट : मराठीत ‘विणणे’ या एकाच क्रियापदाने सांगितल्या जाणाऱ्या दोन क्रियांची इंग्रजी नावे. पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. त्यामुळे मराठी माणसाच्या इंग्रजीत ही क्रियापदे सहज एकमेकांच्या जागी येतात. माग असेल तेथे वीव्ह आणि सुया असतील तेथे निट, असा साधनावरून केलेला भेद सोयीचा असला तरी अपुरा आहे. टोपली आणि बाज मागाशिवाय विणतात, तरी इंग्रजीत त्या वीव्हच. सुगरण पक्ष्याचे इंग्रजी नावही याच क्रियापदावरून आले आहे. भेद धाग्यांच्या मांडणीत आहे. वीव्हमध्ये ताण्याच्या उभ्या धाग्यांना बाण्याचा आडवा धागा खालून-वरून छेदत जातो. निटमध्ये एका फासातून पुढचा फास ओढून कापड वाढते. होजिअरीचा बनियन ताणला की सैलावतो आणि साडी तशी सैलावत नाही, याचे कारण हेच.

या भेदाची उत्तम कसोटी येवल्याची पैठणी. मुंबई इलाख्याच्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये (१८८३) येवल्याच्या रेशमी विणकामाची दखल आहे. पैठणीच्या अंगात धोटा आरपार फिरतो. पदरावरचे मोर, मुनिया, आसावली मात्र धोट्याने उतरत नाहीत. प्रत्येक रंगाची छोटी कांडी विणकर हाताने ताण्यात तेवढ्याच जागेपुरती फिरवतो आणि शेजारच्या रंगाचा धागा त्यात अडकवतो. पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच स्वच्छ दिसते ती त्यामुळे. हे हातकाम पाहून कोणी त्याला निट म्हणेल, कोणी भरतकाम. दोन्ही चूक. कांडी कितीही लहान असो, तिचा धागा बाणाच असतो. भरतकाम तयार कापडावर होते. येथे नक्षी आणि कापड एकाच वेळी जन्मतात.

धागे एकमेकांत अडकतात म्हणजे तो फासच, असा आक्षेप घेता येईल. पण त्या अडकण्यावर पुढची ओळ टांगलेली नसते. तिला ताणाच धरून ठेवतो. मराठीचे एकच क्रियापद अपुरे आहे, हा निष्कर्षही घाईचा ठरेल, कारण साडी की स्वेटर हे कर्मावरून कळतेच. कोळ्याचे जाळे हा सीमेवरचा प्रकार येथे घेतलेला नाही.

रूपे : वीव्ह, वोव्ह, वोव्हन; निट, निटेड किंवा निट.

येवल्याच्या पैठणीच्या विणकामासाठी इंग्रजीत निट हे क्रियापद चालत नाही.