बंदर, सडा आणि सायकल : रत्नागिरीच्या नगरवाहतुकीविषयी काही विचार

शहराच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना वाहनांपासून आरंभ करण्याची रीत पडून गेली आहे. पालखी, बैलगाडी, सायकल, मोटार अशी वाहने कालक्रमाने मांडली की इतिहास पुरा झाला, असा एक समज दिसतो. प्रस्तुत लेखात थोडी निराळी वाट धरली आहे. प्रवासी शहरात कोठे उतरत असे, आणि उतरल्यावर घरापर्यंत तो कशाच्या आधारे जात असे, हा प्रश्न येथे मुख्य मानला आहे. या दृष्टीने पाहिल्यास रत्नागिरी शहराचे उदाहरण फार बोलके ठरते. गेल्या दोनशे वर्षांत या शहराचे दार पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेले, आणि ते जसजसे सरकले तसतसे पायी चालणाऱ्याचे व सायकलवाल्याचे स्थान संकोचत गेले. आज शहरी वाहतूक निसर्गास आणि नागरिकांच्या खिशास झेपेल अशी असावी, ही चर्चा सर्वत्र चालू आहे. तिच्यात या इतिहासाचा विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रत्नागिरीचे महत्त्व वाढले ते राज्यकारभाराच्या सोयीमुळे. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणाचे मुख्य ठाणे आरंभी बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस आणण्यात आले. पुढे १८७६ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. या काळात वाढलेल्या गावाची भूरचना ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या वाहतुकीचा उलगडा होत नाही. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस भाट्याची खाडी, आणि मागे जांभ्या दगडाचा सडा, अशी या गावाची बैठक आहे. मांडवी, घुडेवठार, राजिवडा, पेठकिल्ला ही वस्ती पाण्याच्या काठाने वसलेली. सरकारी कचेऱ्या आणि त्यांच्या पाठोपाठ आलेली नवी वस्ती चढावर व पुढे सड्यावर पसरलेली. 'खालची आळी' आणि 'वरची आळी' ही नावेच या रचनेची साक्ष देतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये पुरा झालेला राजवाडाही खाडीवर नजर ठेवून असलेल्या सड्याच्या कडेसच उभा आहे.

अशा भूमीत चाकाचे महत्त्व बेताचेच असावे, हे स्वाभाविक होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण कोकणात गाडीरस्ते जवळजवळ नव्हते आणि चाकाची गाडी दुर्मिळ होती. माल डोक्यावरून अथवा बैलांच्या पाठीवरून जाई. सधन माणूस मेण्यातून अथवा पालखीतून जाई. बाकीचे सर्व पायी चालत. परंतु पायी चालणे म्हणजे वाटेल तसे चालणे नव्हे. कोकणातील पाखाडी ही या चालण्याची खरी संस्था होती. जांभ्याचे चिरे बसवून बांधलेली, चढावर पायऱ्या असलेली, पावसाळ्यातही पाय न घसरेल अशी ही वाट आळीला आळीशी, देवळाला विहिरीशी आणि घराला बंदराशी जोडीत असे. खाडी आडवी आली की 'तर' असे. राजिवड्याहून भाट्याकडे जाणारी माणसे पूल होण्यापूर्वी होडीनेच पलीकडे जात. उत्तरेकडील खाडीकाठच्या साखरतर या गावाच्या नावात तो शब्द आजही ऐकू येतो. पाखाडी आणि तर या दोन्ही सोयी कोणा एकाच्या मालकीच्या वाहनावर अवलंबून नव्हत्या, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोट आली, आणि ती या जुन्या व्यवस्थेत सहज सामावली गेली. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला कोकणी माणूस 'शेफर्ड कंपनी' या नावाने ओळखी. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या स्वदेशी कंपनीला लोकांनी आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हटले. आगबोट खोल पाण्यात उभी राही, प्रवासी पडावातून किनाऱ्यास येत, आणि बंदरावर पाय टेकला की गाव समोरच असे. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन उतारू आपल्या आळीची वाट धरी. मुंबईहून सुमारे दीडशे सागरी मैलांहूनही कमी अंतराचा प्रवास असा घराच्या उंबरठ्यापर्यंत अखंड जोडलेला होता. या व्यवस्थेत दोषही होते. मृगाच्या पावसाबरोबर आगबोटी बंद होत आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्राची वाट पुन्हा मोकळी होई. पडावात चढउतार करताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचे व लेकुरवाळ्या स्त्रियांचे हाल होत. तेव्हा जुन्या काळाचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु लांबचा प्रवास आणि गावातील चालणे यांचा सांधा त्या काळी बंदरावर पक्का जुळलेला होता, हे मान्य करावे लागते.

आता सायकलीकडे वळू. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर निघाल्यावर सायकल हे सामान्य माणसाचे वाहन होण्याच्या मार्गास लागले. महाराष्ट्रीय उद्योगाच्या इतिहासाशी तिचा संबंध निकटचा आहे. १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगास आरंभ झाला. नांगराचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी हा सर्व विस्तार त्यानंतरचा. पुढे देशावरील शहरांत सायकलीने मूळ धरले. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच प्रसिद्धी पावले. कारकून, विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक आणि विद्यार्थिनी असे सर्व थर एकाच वाहनावर दिसावेत, ही सामाजिक दृष्ट्या लहान घटना नव्हती. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत व धातूचा बिल्ला देत; रात्री दिवा नसल्यास अथवा 'डबलसीट' बसल्यास पोलीस अडवीत. हा जाच लोकांना नकोसा वाटे. तथापि त्यात एक मान्यताही होती. सायकल हे रस्त्याचे हक्काचे वाहन आहे, आणि नगरपालिकेस तिचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्या बिल्ल्याने सिद्ध केले होते.

पुण्यास जे घडले ते रत्नागिरीस त्या प्रमाणात का घडले नाही, याचे उत्तर लोकस्वभावात शोधण्याचे कारण नाही. नदीकाठच्या बऱ्याच सपाट मैदानावर पसरलेले पुणे आणि बंदरापासून सड्यापर्यंत चढत जाणारी रत्नागिरी यांतील भेदच पुरेसा आहे. त्या काळची सायकल वजनदार आणि एकाच गतिचक्राची. बाजारपेठेत अथवा सड्यावर ती सुखाने चाले. पण मांडवीहून वर येताना स्वार उतरे आणि सायकल हाताने ढकलीत नेई. पाखाडीच्या पायऱ्यांवर तर तिचा इलाजच चालत नसे. त्यामुळे रत्नागिरीत सायकल पायी चालण्याची जोडीदारीण झाली, त्याची जागा तिने घेतली नाही. पाववाला, दूधवाला, पोस्टमन, शाळा-कॉलेजातील मुले यांनी ती आपलीशी केली. परंतु सर्व शहर चाकावर आले नाही. येथून एक निष्कर्ष निघतो. ज्या शहरात सायकली थोड्या, ते शहर वाहतुकीच्या दृष्टीने मागासलेले, हे माप रत्नागिरीस लागू पडत नाही.

स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक मोटारवाहतुकीने चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढील काळात एस.टी. कोकणच्या गावोगाव पोचली. घाटांतून देशाकडे, महामार्गाने मुंबईकडे, आणि पावसाळ्यातही चालणारी ही सेवा आगबोटीला भारी ठरली. शहराचे दार बंदरावरून एस.टी. स्टँडवर आले. तरीही स्टँड गावातच होता. बाजार, कचेरी, शाळा चालण्याच्या टप्प्यात राहिल्या. शिवाय शहरांतर्गत बससेवा, जी सामान्यतः नगरसंस्थांचे काम समजली जाते, ती रत्नागिरीत एस.टी.नेच चालविली. म्हणून दार सरकले तरी सांधा तुटला नाही. ही सेवा किती मोलाची आहे याची जाणीव २०२१-२२ मधील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात सर्वांस झाली.

सांधा सैल झाला तो यानंतर. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. कोकणाच्या इतिहासातील ही मोठी घटना होय, आणि तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु रेल्वेला मंद चढ लागतो. या मार्गावर दीडशेस एक याहून तीव्र चढ सामान्यतः ठेवलेला नाही. म्हणून मार्ग किनारा सोडून आतील डोंगरांतून नेणे भाग पडले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल ही त्याच निवडीची फळे. त्याच कारणाने रत्नागिरीचे स्थानक जुन्या गावापासून काही किलोमीटर पूर्वेस आले. मुंबई-गोवा महामार्गाचा फाटा तर त्याहीपलीकडे, हातखंब्यास आहे. पहाटे गाडीतून उतरलेल्या प्रवाशास आता घर समोर दिसत नाही. रिक्षा, खासगी मोटार अथवा दुचाकी यांवाचून त्याचा प्रवास पुरा होत नाही. दार दूर गेले, आणि दारापासून घरापर्यंतची वाट मात्र कोणी बांधली नाही.

पुण्यातही निराळ्या मार्गाने असेच झाले. १९६० च्या दशकात आकुर्डीस स्कूटरचा कारखाना उभा राहिला, शहर विस्तारले, अंतरे वाढली, आणि सायकल रस्त्याच्या कडेस ढकलली गेली. २००६ च्या राष्ट्रीय नगर परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. एकदा गमावलेली सवय आराखड्याने परत आणणे किती कठीण असते, हे त्यानंतरच्या अनुभवाने दाखविले आहे. रत्नागिरीसारख्या, २०११ च्या शिरगणतीत सुमारे शहात्तर हजार वस्तीच्या शहरास अद्याप ती वेळ पुरती आलेली नाही.

या शहरासाठी इतिहास काही स्पष्ट गोष्टी सुचवितो. सपाट शहरांच्या सायकल-योजनेची नक्कल येथे उपयोगी नाही. खालच्या गावात पाखाड्या आणि पादचारी वाटा दुरुस्त ठेवणे हीच खरी वाहतूक-सुधारणा होय. एखादी पाखाडी काँक्रीट ओतून मोटारीस खुली केली की चालणाऱ्याची एक वाट कायमची जाते. सड्यावरचा भाग मात्र सायकलीस अनुकूल आहे. स्थानकापासून मारुती मंदिराकडे येणारा रस्ता मुख्यतः सड्यावरून येतो. बंदराच्या चढासारखा चढ त्यावर नाही. विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीने तर चढाची जुनी अडचणही पुष्कळ कमी केली आहे. रस्ते रुंद होत असताना त्यांच्या कडेस सायकलीसाठी व चालणाऱ्यांसाठी जागा राखणे आज अल्पखर्चाचे आहे. उद्या ती जागा विकत घेऊनही मिळणार नाही. आणि प्रत्येक गाडीच्या वेळेस स्थानकावरून शहर बस मिळणे, ही बंदरावरील पडावाइतकीच आवश्यक सोय मानली पाहिजे.

दाभोळ-धोपावे येथे २००३ पासून माणसांसह मोटारी पलीकडे नेणारी फेरीबोट चालू झाली, तेव्हा जुना तर नव्या रूपाने परतला. जुन्या सोयी नव्या गरजांना जुळवून घेता येतात, याचे हे जिवंत उदाहरण होय. रत्नागिरीच्या पूर्वजांनी चढ, खाडी आणि समुद्र यांना अनुसरून वाटा बांधल्या, आणि त्या वाटांवर गरीब-श्रीमंत सारखेच चालले. ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही त्याला या शहरात कोठवर जाता येते, याच कसोटीवर पुढील पिढी आपल्या नगररचनेची पारख करील.