मांडीवर मावणारा की शेतात धावणारा?



कुत्रा केवढा असावा यावर आमच्या घरात एकमत नाही. बायको पुण्याची. तिच्या माहेरी वाड्यात पांढरा केसाळ पामेरियन होता, त्यामुळे तिच्या लेखी कुत्रा म्हणजे मांडीवर मावणारा. मी सांगोल्याकडचा. आमच्या वस्तीवर कारवान असायचे. उंच, लांब तोंडाचे, बरगड्या मोजून घ्याव्यात असे, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. मुलीला कुठलाही चालेल, पण आजच हवा. राहतो आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मुघल क्लस्टरला, एका बेडरूमच्या घरात. (शिवाजी महाराजांच्या मुलखातली माणसं मुघलांत भाड्याने राहतात, यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत, कृपया नवीन पाठवू नयेत.)

वाद मिटेना म्हणून मी वाचायला लागलो, की आपल्याकडच्या लोकांना पूर्वी कुठला कुत्रा आवडायचा आणि का. त्यातलं जे सापडलं ते इथे देतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट इसवी सन ९४९ ची आहे. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याने चोळांचा पराभव केला. त्याच्या बाजूने गंग राजा बूतुग लढत होता. बूतुगाचा मणलेर नावाचा एक सरदार होता, त्याने पराक्रम गाजवला. राजा खूश होऊन म्हणाला, काय पाहिजे ते माग. जमीन, गाव, सोनं काहीही मिळालं असतं. मणलेराने मागितली राजाची शिकारी कुत्री, काळी. पुढे ती एका रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेले. तिच्या स्मरणार्थ मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला शिलालेख कोरून दगड उभा केला, तो आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. आपण वीरगळ पाहतो ते माणसांचे. इथे कुत्रीसाठी दगड आहे, आणि त्यावर तिचं नाव आहे. ती केवढी होती, कुठल्या जातीची होती, हे मात्र कोणी कोरलेलं नाही. डुकरावर गेली, एवढं त्या लोकांना पुरेसं होतं.

आपल्याकडेही तीच तऱ्हा. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या सर्वांना माहीत असेल. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना सावध केलं अशी कथा आहे, आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याबद्दल मी फार लिहीत नाही. पुतळा १९३६ चा, तो २०१२ मध्ये काढला गेला आणि काही दिवसांत परत बसवला, २०२५ मध्ये पुन्हा वाद झाला. समकालीन पुरावा आहे का, यावर बरंच लिहून झालंय. मला एवढंच दिसतं, की खंड्या काय किंवा वाघ्या काय, 'जात कुठली' हा प्रश्न त्या गोष्टींत येतच नाही.

मग जात आली कुठून? बरीचशी इंग्रजांकडून. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. कुत्र्याने काम काय करायचं यापेक्षा तो दिसायला कसा असावा, उंची किती, शेपटी कशी, याचे नियम लिहायची पद्धत त्या काळातली. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीच्या दौऱ्यात फ्लॉरेन्सहून पामेरियन आणला आणि लहान पामेरियनची फॅशन सुरू झाली. मूळचा हा कुत्रा चांगला मोठा होता. आज त्याचं वजन दोन-तीन किलो. राणीला आवडला म्हणून कुत्रा आटला, असं मी बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, आटला म्हणून तर घरात मावतो. हे खोडता आलं नाही.

पण गंमत पुढे आहे. पुण्यामुंबईत आपण ज्याला पामेरियन म्हणत आलो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवा, तो स्पिट्झच. त्यानंतर किती घरांत टफी आले! आणि २००३ च्या आसपास हचच्या जाहिरातीतला पग. ज्याला भारताच्या उन्हात धड श्वास घेता येत नाही असं चपटं तोंड, तो एका टेलिफोन कंपनीमुळे सोसायट्यांमध्ये फिरायला लागला. आपली आवड आपली असते असं आपण समजतो, एवढंच.

कारवानची कथा वेगळी. विजापूर, सोलापूर, सांगली, मराठवाडा या पट्ट्यात ससा धरायला आणि राखणीला ठेवलेला हा कुत्रा. अरबस्तान, इराणकडून काफिल्यांबरोबर याचे पूर्वज आले म्हणून कारवान, असं म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जोपासली. राजेसाहेबांनी पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रुळलं, असं सांगतात. आजही केनेल क्लब ऑफ इंडियाकडे तो कारवान हाउंड आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड. राजाने हात ठेवला त्याला राजाच्या गावाचं नाव, आणि आमच्या वस्तीवरचा तो नुसताच कारवान. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने याची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात' मध्ये त्याचं नाव आलं. उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, पण अंगावर चरबी नाही म्हणून वजन बेताचं.

आता इथली गोष्ट. सलुकी तुम्ही पाहिला असेलच, नसेल तर एडिहेक्सच्या प्रदर्शनात जाऊन पाहा, तिथे त्यांची सौंदर्यस्पर्धा असते. अबू धाबीत अरेबियन सलुकी सेंटर २००१ पासून आहे. कुत्रा अपवित्र मानणाऱ्या समाजात बेदूइनांनी सलुकीला तंबूत जागा दिली, कारण ससाण्याबरोबर तो ससा आणि हरीण धरून आणायचा, म्हणजे जेवण आणायचा. त्याला 'कल्ब' म्हणत नाहीत, 'हुर्र' म्हणजे कुलीन म्हणतात, असंही ऐकतो. सलुकीचे इथे दोन प्रकार धरतात. गुळगुळीत अंगाचा 'हेस', आणि कान-शेपटीला झालर असलेला 'अर्याश'. हे वाचलं आणि मी उडालोच, कारण आमच्याकडेही दोनच: गुळगुळीत तो कारवान, झालरवाला तो पश्मी. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच वर्गवारी! नातं रक्ताचं आहे की धावणाऱ्या कुत्र्यांचं अंग सगळीकडे तसंच घडतं, हे जाणकारांनी सांगावं. पण पहिल्यांदा सलुकी पाहिला तेव्हा मला 'हा कुठला परदेशी कुत्रा' असं वाटलं नव्हतं, गावाकडचं कोणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. वस्तीवरची शेवटची कारवान कुत्री म्हातारी झाली आहे. आजोबांच्या वेळेपासूनचा वंश आहे तो. शेजारच्या गावात जोडीचा कुत्रा मिळेल, एक वेत अजून होऊ शकतं, पण पुतण्याला लॅब्राडोर हवा आहे. तो म्हणतो, कारवान अंगाला हात लावू देत नाही, अनोळखी माणसाला टाळतो, शेळीमागे लागतो, आणि शिकारीला तर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, मग याचं काम काय उरलं? त्याचं चूक कुठे आहे? लॅब बिचारा पोरांत लोळतो, फोटो काढू देतो.

आणि मी इथून काय सांगणार? माझ्या पाचशे-सहाशे चौरस फुटांत तो मावणार नाही. भाडेकराराची अट, नोंदणी, चिप, लसी हे सगळं जमवलं तरी धावायला लावायचं कुठे? २०१६ च्या फेडरल कायद्याने बाहेर कुत्रा पट्ट्यावरच हवा, ते योग्यच आहे, पण पट्ट्यावरचा कारवान म्हणजे रनवेवर ओढून नेलेलं विमान. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर फिरवायचं, बाकी वेळ फरशीवर. वंश टिकवा असा आग्रह दुबईतून धरायचा आणि चारापाणी भावाने करायचं, हे मलाच पटत नाही.

शेवटी भावाला म्हटलं, एक वेत होऊ दे. एक पिल्लू तू ठेव, पुतण्याला लॅब आण, बाकीच्या पिल्लांना घरं मी शोधतो. त्याने हो म्हटलंय, पण लॅबचे पैसे मी द्यायचे या अटीवर.

तेव्हा मंडळी, सोलापूर, सांगली, लातूर, नांदेडकडे कोणाची शेती असेल आणि घरी माणसं राहती असतील तर कळवा. फ्लॅटवाल्यांनी कृपया विचारू नये, नावासाठी ठेवणाऱ्यांनी तर नाहीच. आमच्या घरातला वाद अजून चालूच आहे. बायको आता मांजराचं म्हणते.