स्टिअरिंगखालचा गिअर

गोव्याबाहेरच्या माणसाला मर्सिडीज म्हटलं की एखादा शेटजी आठवतो. आमच्याकडच्या साठी ओलांडलेल्या माणसाला मात्र टॅक्सी आठवते. (मर्सेस गाव आणि मर्सिडीज गाडी, दोघांचंही नाव शेवटी त्या एकाच सायबिणीशी जाऊन पोचतं. पण तो विषय वेगळा.)

१९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. खनिजाच्या निर्यातीतून पैसा येत होता, त्यावर युरोपातला माल इथे येऊ लागला. घड्याळं आली, चीज आलं, तशा मर्सिडीज १८० डी गाड्याही आल्या. १९५४ साली निघालेली ही गाडी डिझेलवर चालायची आणि इंजिनाची ताकद सुरुवातीला जेमतेम ४० अश्वशक्ती. चढणीवर दमायची, पण बंद पडायची नाही. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोवा भारतात आला आणि परदेशी गाड्यांची आयात भारतीय नियमांखाली आली. सुटे भाग दुर्मीळ झाले. तरीही या गाड्या पुढे कित्येक वर्षं टॅक्सी म्हणून धावल्या. कशा धावल्या? मला विचाराल तर त्याचं उत्तर गाडीपेक्षा मेस्तांच्या हातात आहे.

एकच भाग घेऊ. गिअरचा दांडा.

या गाड्यांचा गिअर पायाशी नसे, स्टिअरिंगच्या दांडीला असे. ही पद्धत अमेरिकेत १९३८ च्या कॅडिलॅक आणि पाँटिअ‍ॅकपासून रुळली. कारण साधं. जमिनीवरचा दांडा काढला की पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस बसतो. टॅक्सीवाल्याला याहून दुसरं काय हवं? १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० मध्येही तेच होतं. तीच कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. आपल्या अँबॅसॅडरलाही वर्षानुवर्षं तसाच दांडा होता.

पण तिसऱ्या माणसाची किंमत मोजावी लागली. जमिनीवरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. इथे दांडा वर, गिअरबॉक्स खाली. मध्ये स्टिअरिंगला समांतर एक नळी, तिच्या टोकाला छोटे हात, त्यांना जोडलेले रॉड. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पुढे ढकलला की नळी वरखाली सरकते आणि गिअरची ओळ निवडली जाते. दांडा वरखाली केला की नळी फिरते आणि गिअर पडतो. प्रत्येक सांध्यात एक बुश, एक पिन. दांड्याची मूठ टेकूपासून पिनेच्या पाचपट लांब असेल तर पिनेजवळची अर्ध्या मिलिमीटरची झीज मुठीत अडीच मिलिमीटर होऊन येते. त्यात बाकीच्या सांध्यांची भर. मग दांडा शेवरीच्या फांदीसारखा हलतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "गिअरबॉक्स गेली!"

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. मी पाहिलेले एक मेस्त आधी पाना हातात घेतच नसत. पोराला दांडा हलवायला सांगत आणि स्वतः गाडीखाली शिरत. रॉड हलतो पण पुढचा हात हलत नाही, म्हणजे खोट त्या सांध्यात. सगळे सांधे ठीक निघाले, तरच गिअरबॉक्सकडे बघायचं.

काढायची रीतही ठरलेली. बॅटरीची तार आधी सोडायची, कारण हॉर्नची वायर त्याच दांडीतून येते. खालचे रॉड सोडवायचे आणि कुठला वॉशर कुठे होता ते एका फळीवर तसंच मांडून ठेवायचं. नळी बाहेर काढायची तर स्टिअरिंगचं चाक उतरवावं लागतं. त्याआधी चाकावर आणि दांडीवर खूण करायची, नाहीतर सरळ रस्त्यावर चाक वाकडं दिसतं. मग जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं. पिन झिजली असेल तर बदलायची. पिनेचं भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल तर नुसती नवी पिन घालून काही होत नाही. भोक मोठं आणि गोल करून, लेथवर पितळी बुश काढून त्यात बसवावा लागतो. जर्मनीहून भाग येण्याची वाट कोण बघणार? हे मेस्त लोक म्हापशा-मडगावात बसून असे भाग घडवत होते आणि त्याची नोंद कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात मला सापडलेली नाही. चर्चचे नक्षीदार आल्तार कोरणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, ते योग्यच. पण लेथवाल्याचं काय?

दुसराही एक उपाय लोकांनी काढला होता. गाडीचा तळ कापून दांडा सरळ जमिनीवर आणायचा. सोयीचा असेल, मला तो पटत नाही. शंभरेक ग्रॅम पितळ वाचवण्यासाठी अख्ख्या गाडीची रचना मोडायची, आणि पुढे मूळ स्थितीत आणायची म्हटलं तर जुनी नळी भंगारात गेलेली.

मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं. आता अशा गाड्या हौशी लोकांकडे उरल्या आहेत आणि बुश काढून देणारे लेथ कमी होताहेत. कुणाच्या घरी गाडी असेल तर एवढं सांगतो: नवे बुश घातल्यावर रॉडची लांबी न्यूट्रलमध्येच जुळवा आणि चारही गिअर नि रिव्हर्स गाडी उभी असतानाच टाकून बघा. क्लच दाबून, अर्थात.