बदलीवाला बोलत नाही

माझा बाप सोलापुरात गिरणीत बदली कामगार होता. पहाटे गेटवर उभं राहायचं. आतला कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर रिकामा डबा घेऊन घरी. युनियनच्या सभेला तो जायचा, पण मागं उभा राही. तोंड उघडत नसे. जॉबरनं उद्या ओळख दाखवली नाही तर चूल कशी पेटणार? मला त्याचा राग यायचा.

पुढं मी एम.ए. झालो, नेट काढली आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तेव्हा कळलं, आपण पण बदलीवालेच. फक्त अंगात इस्त्रीचा शर्ट.

आता इतिहास बघा. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या भानगडीवरून १९८६ साली मुख्यमंत्री निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला. त्यांची मुलगी त्या परीक्षेला बसलेली. कोर्टाची पायरी कोण चढलं? त्याच परीक्षेत नापास झालेला एक डॉक्टर.

प्राध्यापक उघड बोलला तो जानेवारी २०१४ मध्ये. अर्थशास्त्राचे प्रा. नीरज हातेकर पत्रकारांसमोर बसले आणि कुलगुरू राजन वेळूकरांच्या कारभारावर बोलले. विद्यापीठानं बोलणाऱ्यालाच निलंबित केलं. कलिन्याच्या आवारात पोरं त्यांच्यासाठी उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेलं आणि निलंबन मागं घ्यावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात, वेगळ्या याचिकांवर, हायकोर्टानं म्हटलं की वेळूकरांना निवडताना शोध समितीनं पात्रता नीट तपासलीच नाही. फेब्रुवारी २०१५ ला राज्यपालांनी त्यांना कामापासून दूर राहायला सांगितलं. पुढं ते परत खुर्चीवर आले आणि मुदत पुरी करून गेले. नंतरचे कुलगुरू संजय देशमुख. ऑनलाइन पेपर तपासणीच्या घाईत लाखो पोरांचे निकाल लटकले, तेव्हा ऑक्टोबर २०१७ ला राज्यपालांनी त्यांना काढलं.

हातेकरांच्या हिमतीला माझा सलाम. पण दोस्तहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. निलंबित करायला आधी नेमणूक लागते. तासिकावाल्याला कुणी निलंबित करत नाही. पुढच्या जूनला बोलावत नाहीत, एवढंच. कागद नाही, चौकशी नाही, मग कोर्टात काय घेऊन जाणार?

१९२७ साली मुंबई कायदे मंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटात मागास वर्गांची माणसं हवीत असा आग्रह धरला होता. त्याचा अर्थ मला आता कळतो. हिशेब मागायचा तर आत जागा पाहिजे, आणि पक्की पाहिजे. पक्क्या जागा रिकाम्या ठेवून तासिकावाले भरले, की आमचं तोंड बंद करायला वेगळा हुकूम काढावा लागत नाही.

त्याच २०१४ साली माझ्यापुढं मानधनाचं कोरं व्हाउचर ठेवलं गेलं. मी सही केली. बाहेर टपरीवर चहा घेतला. पेपरात हातेकरांचा फोटो होता. मी पेपर घडी करून ठेवून दिला.

आता बापाचा राग येत नाही. पण त्याच्यासारखं मागं उभं राहून चालायचं नाही. कोऱ्या कागदावर सह्या केलेल्यांची यादी करू या. पहिलं नाव माझं लिहा.