खोट्या बिस्किटाची वंशावळ

फोटोशॉपमध्ये बिस्किटाची अक्षरं करण्याची कृती ठरलेली आहे. नाव टाइप करायचं, कडा फिल्टरने ओबडधोबड करायच्या, वरून थोडा ‘नॉइज’ भुरभुरायचा, ‘बेव्हल अँड एम्बॉस’ने जाडी द्यायची, कडेला खरपूस तपकिरी छटा, खाली मऊ सावली आणि शेजारी थोडा चुरा. १९९८ साली पाचव्या आवृत्तीत हे उठाव आणि सावल्या थेट लेयरला लावण्याची सोय आली आणि अशा कृतींना ऊत आला. वरवर पाहता हा संगणकासोबत जन्मलेला खेळ वाटतो. खरं तर यातली प्रत्येक पायरी फार जुन्या हातांकडून आलेली आहे. त्या पायऱ्या संगणकात कोणत्या क्रमाने पोचल्या, हे पाहिलं तर खाण्याचा पदार्थ ‘खाण्याचा’ कशामुळे दिसतो तेही उमगतं. माझ्या मते त्याचं मर्म पृष्ठभागाच्या खाली असतं: उजेड पदार्थात थोडा शिरतो, आत भटकतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. चकाकी आणि खरबरीतपणा हे त्यावरचे अलंकार.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांना हे ठाऊक होतं. विलेम काल्फच्या चित्रातलं अर्धवट सोललेलं लिंबू पाहा: साल खरबरीत, तिच्या आतला पांढरा थर कापसासारखा, आणि फोडी ओल्या, आतून उजळलेल्या. एकाच फळात तीन पोत. विलेम बर्स या चित्रकाराने १६९२ साली तैलरंगांवरचं एक पुस्तक छापलं आणि त्यात अशा वस्तू रंगवण्याच्या कृती पाककृतींसारख्या पायरीपायरीने सांगितल्या. त्याची द्राक्षांची कृती विशेष आहे. आधी गोलाई, मग उजेडाच्या विरुद्ध बाजूला कडेशी एक उजळ झाक, आणि अगदी शेवटी सालीवरची मेणचट पांढुरकी लव. ती विरुद्ध बाजूची झाक नवख्याला चूकच वाटेल, कारण तिथे सावली हवी. पण द्राक्षाच्या पोटातून गेलेला उजेड बाहेर पडतो तो तिथेच. ती झाक काढून टाकली तर उरते ती गोटी.

जपानमध्ये हेच ज्ञान दुकानांच्या काचेमागे गेलं. गुजो हाचिमान या गावात जन्मलेल्या इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकात खाद्यपदार्थांच्या मेणाच्या प्रतिकृती करण्याचा धंदा थाटला. त्यांचा पहिला नमुना म्हणून आजही ऑम्लेट दाखवतात. पदार्थाचा साचा आगरमध्ये घ्यायचा, त्यात मेण ओतायचं, मग रंगवायचं. सॅलडचं पान आणि तेंपुराचं कुरकुरीत आवरण मात्र साच्याविना होतं. रंगीत मेण कोमट पाण्यावर ओततात, ते पसरतं, चुरगळतं, आणि जी अव्यवस्था हाताने मुद्दाम काढणं महाकठीण ती पाणी क्षणात करून देतं. शिवाय मेण मुळातच अर्धपारदर्शक. आत शिरणारा उजेड या कारागिरांना सामानाबरोबरच फुकट मिळाला होता.

संगणकाला तोच सर्वांत उशिरा मिळाला. युटा विद्यापीठातल्या बुई तुओंग फाँगची चकाकीची पद्धत १९७५ साली प्रसिद्ध झाली. वस्तूवर लखलखता ठिपका उमटू लागला, पण सफरचंदही प्लॅस्टिकचं दिसू लागलं. १९७८ साली जेम्स ब्लिनने आकार न बदलता पृष्ठभागावर सुरकुत्या भासवण्याची युक्ती मांडली, आणि संत्र्याची साल गणितात आली. ‘ट्रॉन’ चित्रपटाच्या यंत्री गुळगुळीतपणाला कंटाळलेल्या केन पर्लिनने १९८५ साली शिस्तबद्ध अव्यवस्था निर्माण करणारं सूत्र प्रसिद्ध केलं. पाण्यावर चुरगळणाऱ्या मेणाचं हे गणिती भावंडच म्हणायचं. आत शिरून परतणाऱ्या उजेडाचं व्यवहारात वापरता येईल असं गणित यायला मात्र २००१ उजाडलं. हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधात मोजलेल्या पदार्थांची यादी एखाद्या वाणसामानाच्या चिठ्ठीसारखी आहे: सफरचंद, बटाटा, कोंबडी, केचप, साय काढलेलं दूध, सायीचं दूध. त्यांच्याच पंगतीला संगमरवर आणि माणसाची त्वचा. संगमरवर आणि त्वचा सोडली, तर कठीण प्रश्न बहुतेक स्वयंपाकघरातलेच निघाले.

यावर कोणी म्हणेल, मेणाची जागा पुढे व्हायनिलने घेतली, साचे सिलिकॉनचे झाले, माशाच्या खवल्याखवल्याची नक्कल साच्यातच येऊ लागली. मग मर्म पृष्ठभागातच नाही का? पण साचा देतो तो आकार. निव्वळ साच्यातून निघालेला मासा मेलेल्या माशाहूनही मेलेला दिसतो. म्हणून रंग ओतण्यापूर्वीच द्रवात मिसळावा लागतो आणि वरून पुन्हा पातळ थर फवारावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढा खटाटोप कशाला, खऱ्या बिस्किटाचा फोटो का चिकटवू नये? पण फोटोतला पोतही बऱ्याचदा बनवलेलाच असतो. दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवण्याची चाल इतकी सर्वश्रुत होती की १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाढीच्या क्रीमच्या एका जाहिरातीच्या खटल्यातही तिचा दाखला निघाला. न्यायालयाने रेष नेमकी ओढली: बटाटा आइस्क्रीम म्हणून दिसायला हरकत नाही, पण दिसणं हाच मालाच्या गुणाचा पुरावा म्हणून पुढे केला तर ती फसवणूक. सूप भरगच्च दिसावं म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकणारी कॅम्पबेल कंपनी थोड्याच वर्षांत याच रेषेवर अडकली.

आता पुन्हा अक्षरांकडे. फोटोशॉपच्या या कृतींत बिस्किट, चॉकलेट, चीज सहज जमतात, कारण त्यांत उजेड फार खोल जात नाही. कड आणि पृष्ठभाग सांभाळला की काम भागतं. जेलीचं अक्षर मात्र याच कृतीने केलं तर रंगीत काच होऊन बसतं. लेयरला पोट नसतं, त्याला आतला उजेड ठाऊकच नाही. म्हणून सराईत माणूस मऊ ब्रश उचलतो आणि दिवा जिकडे कल्पिला आहे त्याच्या बरोबर विरुद्ध कडेला, बर्सने द्राक्षाला दिली होती तिथेच, एक उजळ झाक देतो.