घाटातले लोखंड आणि घाटातली माणसे

कल्याणच्या माझ्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर रुळाचा एक गंजलेला खिळा आहे. खंडाळ्याच्या खाली, बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या उतारावर तो मला सापडला. इथे गाडी थांबवून तिची दिशा बदलीत. १८६९ च्या जानेवारीत घाट उतरणारी एक गाडी ताबा सुटून इथली हद्द ओलांडून गेली. त्या अपघाताची खूण म्हणून मी खिळा उचलला.

रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका स्नेह्याने तो हातात घेऊन विचारले, "हा त्या वर्षीचाच कशावरून? ते स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते." प्रश्न रास्त होता. माझ्याजवळ पुरावा नव्हता. पण लोखंडाची जन्मतारीख विचारणारे आपण, ते ठोकणाऱ्याचे नाव का विचारीत नाही?

कल्याणला आगगाडी १८५४ साली आली. बोरघाटाचे काम १८५६ ते १८६३ चालले. फॅव्हिएल, ट्रेडवेल आणि तो वारल्यावर कंत्राट पुरे करणारी त्याची पत्नी ॲलिस, ही नावे इतिहासात आहेत. १८६१ साली तिथे ४० हजारांवर मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो मेले. १८५९ साली मजुरीसाठी ते उठले, तेव्हा त्यांची नोंद झाली ती दंगेखोर म्हणून. नावे तेव्हाही लिहिली गेली नाहीत.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की, अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचे काम करून घेतो. म्हणजे ज्या हातांनी राखलेल्या रुळांवरून सगळ्या जातींची गाडी सुखरूप जात होती, त्या हातांचे पाणी मास्तरच्या घरात चालत नव्हते. हा अपघात कुठल्या चौकशीत आला?

खिळा मी ठेवणार आहे. पण आता घाटात नव्हे, कल्याणच्या रेल्वे वस्त्यांत हिंडणार आहे. गँगमनांची नोकरीची पुस्तके, पगाराच्या चिठ्ठ्या, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकिकती गोळा करायच्या आहेत. विद्यार्थी मित्रांनो, आपापल्या घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडा. लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल. कागदाला वाळवी लागली आहे, आणि आजोबा थकले आहेत.