सुटकेची तारीख

न्यायाधीशानें शिक्षा सुनावली म्हणजे खटला संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वकील आपलीं दफ्तरें बांधतात आणि वर्तमानपत्रांतील हकीकतहि तेथेंच आटोपते. परंतु शिक्षेचा खरा इतिहास सुरू होतो तो त्यानंतर, तुरुंगाच्या कचेरींत. तेथील कारकून न्यायालयाचें वॉरंट उलगडून बसतो. आलेला माणूस कोणत्या वर्गांत घालावयाचा आणि तो कोणत्या दिवशीं सुटावयाचा, या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्याला वहींत लिहावयाचीं असतात. तुरुंगांच्या इतिहासांत भिंतींविषयीं आणि बेड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. या वहीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं.

हा हिशेब वरवर दिसतो तितका सोपा नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें महिना आणि वर्ष हीं इंग्रजी पंचांगाप्रमाणें मोजावीं असें ठरविलें. त्यामुळें एक महिन्याची शिक्षा १ फेब्रुवारीस सुरू झाली तर बहुधा २८ दिवसांत संपते. तीच १ जानेवारीस सुरू झाली तर ३१ दिवस घेते. दंडाऐवजीं भोगावयाच्या कैदेचा हिशेब आणखी निराळा. १०० रुपये दंड, तो न दिल्यास ४ महिने कैद, अशी शिक्षा झाली आणि पहिला महिना संपण्यापूर्वीं ७५ रुपये भरले गेले, तर महिना पुरा होतांच त्या माणसास सोडावें, असें उदाहरण त्या संहितेनेंच घालून दिलें होतें. शिवाय दोन शिक्षा एकापाठोपाठ भोगावयाच्या कीं एकाच वेळीं, मध्यंतरीं कैदी जामिनावर किती दिवस बाहेर होता, हें सारें जमेस धरून एक तारीख काढावयाची असते. सुटकेच्या वहींत त्या तारखेखालीं एकदां नांव चढलें, कीं कैद्याचें उरलेलें आयुष्य त्या नोंदीस बांधलें गेलें.

शिक्षा केवळ दिवसांनीं न मोजतां कैद्याच्या श्रमानें व वर्तनानें मोजावी, हा विचार अलेक्झांडर मॅकोनॉकी या स्कॉच आरमारी अधिकाऱ्यानें प्रत्यक्ष करून पाहिला. नेपोलियनशीं झालेल्या युद्धांत तो १८११ मध्यें शत्रूच्या हातीं सांपडला होता आणि १८१४ पर्यंत फ्रान्समध्यें युद्धकैदी म्हणून राहिला होता; बंदिवासाचा अनुभव त्याच्या पदरीं होता. १८४० मध्यें ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफोक बेटावर कैद्यांच्या वसाहतीचा तो मुख्य झाला, तेव्हां त्यानें गुणांची पद्धत आणली. चांगल्या कामाबद्दल व वर्तनाबद्दल गुण मिळावयाचे, गैरवर्तनाबद्दल ते कापले जावयाचे, आणि ठरावीक गुण मिळवून कैद्यानें आपली मुक्तता स्वतः कमवावयाची, असें तिचें स्वरूप होतें. वरिष्ठांस हा सौम्यपणा मानवला नाहीं आणि १८४४ मध्यें त्याला परत जावें लागलें. तथापि कल्पना टिकली. १८५४ नंतर आयर्लंडमध्यें सर वॉल्टर क्रॉफ्टन यानें तिला व्यवस्थित रूप दिलें, आणि १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्यानें हिंदुस्थानांतहि गुण देऊन शिक्षा कमी करण्याचे नियम बनविण्याची तरतूद झाली.

यालाच तुरुंगाच्या भाषेंत ‘माफी’ म्हणतात. चांगल्या वर्तनाबद्दल कांहीं दिवस माफ होतात; तुरुंगांत अपराध घडला तर मिळालेली माफी परत जाते. त्यामुळें वहींतील तारीख स्थिर न राहतां सरकूं लागली. प्रत्येक पक्क्या कैद्याच्या तिकिटावर हे दिवस मांडले जाऊं लागले, आणि अक्षरशत्रु कैदीहि आपली माफी तोंडपाठ म्हणूं लागला.

अंदमानांत तर ही तारीख कैद्याच्या गळ्यांतच अडकविलेली असे. कैद्याचा क्रमांक, कलम, शिक्षेचा व सुटकेचा दिवस हीं सर्व दाखविणारा लाकडी बिल्ला त्याला अहोरात्र वागवावा लागे. विनायक दामोदर सावरकर १९११ च्या जुलैमध्यें तेथें पोंचले. त्यांना दोन जन्मठेपी झालेल्या होत्या. प्रत्येकीचीं २५ वर्षें धरून आणि दोन्ही एकापुढें एक मांडून कारकुनानें बेरीज केली, आणि १९१० सालीं शिक्षा झालेल्या या तरुणाच्या बिल्ल्यावर सुटकेचें वर्ष १९६० असें आलें. प्रत्यक्षांत १९२४ मध्येंच ते अटींवर सुटले आणि १९३७ मध्यें त्या अटीहि गेल्या. ज्या सरकारनें तो आंकडा मांडला तें १९६० पर्यंत टिकलें नाहीं.

मग जन्मठेप म्हणजे नक्की किती वर्षें? हा प्रश्न स्वतंत्र भारतांतहि उभा राहिला. गांधीहत्येच्या खटल्यांत १९४९ सालीं जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे या कैद्यानें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. आपल्याला २,९६३ दिवसांची माफी मिळाली असून ती धरतां २० वर्षें पुरीं झालीं, असें त्याचें म्हणणें होतें. न्यायालयानें १९६१ मध्यें तें अमान्य केलें. संहितेंतील २० वर्षांचा आंकडा केवळ शिक्षेचा अपूर्णांक काढण्यापुरता आहे. जन्मठेप ही आयुष्याच्या अखेरपर्यंतच असते, आणि सरकारनें उरलेली शिक्षा माफ केली तरच ती आधीं संपते, असा निर्णय झाला. पुढें १९६४ मध्यें सरकारच्या हुकुमानें त्याची सुटका झाली. जन्मठेपीच्या कैद्यापुरतें पाहतां तारखेची गुरुकिल्ली वहींतून निघून सरकारच्या हातीं गेली.

दुसरी नोंद वर्गाची. १८९४ च्या कायद्यानें स्त्रिया व पुरुष, कच्चे व पक्के कैदी, दिवाणी व फौजदारी कैदी यांना वेगवेगळें ठेवावें असें सांगितलें. तें रास्तच होतें. पण वर्गवारी तेवढ्यावर थांबली नाहीं. राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ लाहोरच्या तुरुंगांत ६३ दिवस उपोषण करून जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजीं मरण पावले. त्यानंतर १९३० मध्यें अ, ब व क असे वर्ग सरकारनें ठरविले. परंतु ते ठरवितांना कैद्याचा सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणी पाहिली गेली. एकाच अपराधाच्या दोन माणसांपैकीं एकाला खाट व दुसऱ्याला जमीन मिळूं लागली. याहून वाईट प्रकार जातीचा. १८७१ पासून कांहीं जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. तरी त्या जमातींच्या माणसाला सराईत समजण्याची आणि जात पाहून झाडूकाम किंवा स्वयंपाक वांटून देण्याची रीत कित्येक प्रांतांच्या तुरुंग-नियमांत राहून गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहींतील जातीचा रकानाच काढून टाकण्याची आज्ञा केली.

वहींत चूक झाली तर काय होतें, याचेंहि उत्तर इतिहासानें दिलेलें आहे. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सांपडले, कीं अपराध शाबीत झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती त्याहून अधिक काळ ते खटल्याची वाट पाहत बसले होते; १९७९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या मुक्ततेचे हुकूम दिले. त्याच प्रांतांत मुजफ्फरपूरच्या सेशन कोर्टानें ३ जून १९६८ रोजीं निर्दोष ठरविलेला एक मनुष्य १६ ऑक्टोबर १९८२ रोजीं तुरुंगाबाहेर आला. त्याची शिक्षा शून्य दिवसांची होती; भोगली त्यानें १४ वर्षांहून अधिक. न्यायालयानें १९८३ मध्यें त्याला आधींच्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देवविले. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेंतून वजा करण्याचा हक्क तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया-संहितेनें प्रथम दिला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंतहि तो कायम आहे. त्यापूर्वीं कैद्याचे ते महिने हिशेबांत धरण्याचें बंधन कायद्यानें कोणावरहि घातलेलें नव्हतें.

मॅकोनॉकीच्या बेटापासून आजच्या नोंदवहीपर्यंत या कामाचें स्वरूप पुष्कळ पालटलें. हिशेब करणारा मात्र तोच आहे: कचेरींत बसलेला, कोणाला नांवानेंहि माहीत नसलेला नोकर. त्यानें नीट मोजलें तर ठरल्या दिवशीं सकाळीं फाटक उघडतें आणि त्याची कोणी वाहवा करीत नाहीं. त्यानें मोजलें नाहीं, तर आंतला माणूस बहुधा विचारूंहि शकत नाहीं. कारण आपली तारीख कोणती, हें त्याला त्याच वहींतून कळावयाचें असतें.